ग्राफिक्स कार्ड घेतांना

घरांत एखादी मोलाची वस्तु आणावयाची म्हटली, कीं आपल्या कुटुंबांतून तिची चर्चा चार दिवस तरी चालते. फ्रिज असो, शिलाई मशीन असो कीं दुचाकी असो. ती कोण वापरणार, किती वर्षें टिकणार, बिघडल्यास कोण पाहणार, याचा ऊहापोह वडील मंडळी करतात आणि मगच पैसा बाहेर पडतो. परंतु कॉम्प्युटरच्या पोटांत बसवावयाच्या वस्तूंची गोष्ट निघाली, म्हणजे हा शहाणपणा कोठें जातो कोण जाणे! तेथें घरांतील सर्वांत लहान मुलगाच जाणता ठरतो. तो जें नांव सांगेल तें प्रमाण, आणि वडिलांनीं केवळ रक्कम मोजावयाची, असा प्रकार आम्हीं अनेक घरीं पाहिला आहे. कांहीं घरीं याच्या अगदीं उलट. 'हीं सगळीं खेळण्याचीं थेरें' असें म्हणून विषयच मोडून काढला जातो. हे दोन्ही मार्ग सारखेच चुकीचे आहेत असें आमचें मत झालें आहे, आणि तें मत बनण्यास आमच्याच घरांत घडलेला एक प्रसंग कारण झाला. तो प्रसंग, व त्या निमित्तानें आम्हांस जी माहिती मिळवावी लागली ती, वाचकांपुढें ठेवण्याचा आज विचार आहे.

आमचें घर कोल्हापुरांतलें, आणि एकत्र. नाना, म्हणजे आमचे वडील, निवृत्त शिक्षक आहेत. थोरल्या बंधूंचा मुलगा गोकुळ शिरगांवच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस जातो. त्याची पत्नी, आमच्या घरची सूनबाई, लग्नामुंजींच्या व्हिडिओचें एडिटिंग करते. शहरांतील दोनतीन छायाचित्रकार तिजकडे नियमानें काम पाठवितात. धाकट्या बंधूंचा मुलगा यंदां अकरावींत आहे. कॉम्प्युटर मात्र सर्वांत मिळून एक. दिवसां त्यावर अभ्यास आणि हिशेब, सायंकाळीं पुतण्याचे खेळ, आणि रात्रीं स्वयंपाकघर आवरल्यावर सूनबाईचें काम, अशी वहिवाट पडून गेलेली होती.

एके दिवशीं रात्रीच्या जेवणाच्या वेळीं पुतण्यानें अर्ज मांडला. घरांतलें ग्राफिक्स कार्ड पांच वर्षांचें जुनें झालें. त्याची मेमरी अवघी चार जीबी. नवे खेळ त्यावर चालत नाहींत. सबब एक नवें कार्ड आणि एक वेगवान मॉनिटर घ्यावा, आणि त्यास साठ हजार रुपये मंजूर व्हावे. नानांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि भलताच प्रश्न विचारला, "त्या खोलींतला दिवा रात्रीं दोनदोन वाजेपर्यंत कशासाठीं जळतो?"

सूनबाई ताक वाढीत होती. ती हळूच म्हणाली, "नाना, तें माझें काम असतं. पुरा झालेला व्हिडिओ बाहेर काढायला चार तास लागतात. कधीं मधेंच बंद पडतं, म्हणून उठून पाहावं लागतं."

"अगं, मग इतके दिवस बोलली कां नाहींस?"

"काम माझ्या एकटीचं. सगळ्यांच्या पैशांतून त्यासाठीं कसं मागायचं?"

पंगतींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. जो मोठ्यानें मागतो त्याची गरज घरास ठाऊक असते. जी व्यक्ति मागत नाहीं तिची गरज मात्र दिव्याच्या प्रकाशावरून ओळखावी लागते! नानांनीं निर्णय आठ दिवस पुढें ढकलला, आणि सर्व चौकशी करून सांगण्याचें काम आमच्यावर सोंपविलें.

कार्डाचें काम काय?

कॉम्प्युटरमध्यें मुख्य गणित करणारा जो प्रोसेसर, तो एखाद्या निष्णात आचाऱ्यासारखा असतो. कोणताहि अवघड पदार्थ त्यास सांगावा, तो एकामागून एक पुरा करील. परंतु हजार पानांची पंगत बसली असतां प्रत्येक पानांत मीठ, लिंबू, चटणी वाढण्यासाठीं आचारी उपयोगी नाहीं; तेथें पुष्कळ वाढपी पाहिजेत. त्यांचें प्रत्येकाचें काम सोपें, पण सर्वांनीं तें एकाच वेळीं करावयाचें. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही वाढप्यांची फौज होय. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरविणें हें सोपें काम, परंतु तें लक्षावधि वेळां व तत्काळ व्हावें लागतें. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. खेळांत चित्र सेकंदास साठ वेळां बदलावयाचें, तर दर सेकंदास १२ कोटि ४४ लक्ष ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात! म्हणूनच हल्लींच्या मध्यम प्रतीच्या कार्डांतहि हे छोटे गणिती हजारोंनीं असतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० टीआय या कार्डांत त्यांची संख्या ४,६०८ आहे.

कार्डाची स्वतःची जी मेमरी, तिला वाढप्यांच्या हाताशीं असलेल्या ओट्याची उपमा शोभेल. सर्व भांडीं ओट्यावर मावलीं तर वाढप सपाट्यानें होतें. ओटा अपुरा पडला, कीं प्रत्येक वेळीं कोठीच्या खोलीपर्यंत धांवावें लागतें आणि पंगत खोळंबते. वाढपी कितीहि चपळ असले तरी येथें त्यांचा इलाज चालत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

हा धंदा मुख्यतः तीन कंपन्यांच्या हातीं आहे. एनव्हिडिया १९९३ सालीं निघाली, आणि १९९९ मध्यें 'जीफोर्स २५६' हें कार्ड काढून तिनें 'जीपीयू' हा शब्द जगांत रूढ केला. कॅनडांतील एटीआय ही कंपनी २००६ सालीं एएमडीनें विकत घेतली. रेडिऑन नांवाचीं कार्डें तीं हीं. प्रोसेसरसाठीं प्रसिद्ध असलेल्या इंटेलनें २०२२ पासून आर्क नांवाचीं कार्डें विकण्यास आरंभ केला. तिन्ही कंपन्यांचा माल आज बाजारांत मिळतो.

कोल्हापुरास हा विषय परका नाहीं

हलत्या चित्रांचें वेड या शहरास आजचें नाहीं. नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव व बाबूराव पेंटर यांनीं मुंबईच्या जुन्या बाजारांतून एक प्रोजेक्टर पैदा केला आणि त्यावर चित्रपट दाखवितां दाखवितां त्या विद्येचा अभ्यास केला. स्वतःचा कॅमेरा बनविण्याचा खटाटोप चालू असतांनाच १९१६ मध्यें आनंदराव निवर्तले. परंतु बाबूरावांनीं तो नाद सोडला नाहीं, आणि १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० सालीं लोकांपुढें आला. त्याच कंपनींतून बाहेर पडलेल्या मंडळींनीं १९२९ मध्यें येथें 'प्रभात'ची स्थापना केली, आणि १९३३ सालीं पुण्यास जाण्यापूर्वीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट १९३२ मध्यें कोल्हापुरांतच पुरा केला.

हें सांगण्याचें कारण एवढेंच, कीं बाबूरावांनीं यंत्र विकत घेण्यापूर्वीं तें समजून घेतलें. आपणांस कॅमेरा बनवावयाचा नाहीं; केवळ एक कार्ड निवडावयाचें आहे. तेवढ्यापुरती समजूत करून घेणें कोणत्याहि सुशिक्षित घरास अवघड नसावें.

जोड पाहावी

खासबागेच्या मैदानांत कुस्ती ठरवितांना जाणते लोक प्रथम जोड पाहतात. एक मल्ल कितीहि बलदंड असला, तरी त्याच्या समोर लहान पोर उभें केल्यास ती कुस्ती नव्हे. कार्डाचेंहि असेंच आहे. एकट्या कार्डाचें बळ विचारूं नये. मॉनिटर, प्रोसेसर, एसएमपीएस आणि कॅबिनेट यांच्याशीं त्याची जोड कशी जमते तें विचारावें.

प्रथम मॉनिटर. फुल एचडीचे ठिपके वर सांगितलेच. त्याहून मोठा जो १४४० चा पडदा, त्यावर ३६,८६,४०० ठिपके असतात. आणि फोरके म्हणतात त्यावर ८२,९४,४००, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. पडदा चौपट तर कार्डाचें कामहि जवळजवळ चौपट. मॉनिटरचा दुसरा गुण म्हणजे त्याचे हर्ट्झ, अर्थात् तो सेकंदास किती वेळां चित्र बदलूं शकतो ही संख्या. आमच्या घरचा मॉनिटर फुल एचडी व ७५ हर्ट्झचा आहे. कार्डानें सेकंदास दोनशें चित्रें तयार केलीं, तरी हा मॉनिटर पंचाहत्तरच दाखविणार! मग फुल एचडीच्या एका मॉनिटरसाठीं सर्वांत महाग कार्ड आणणें म्हणजे दोन माणसांच्या घरीं लग्नाच्या पंगतीचें पातेलें आणण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट खेळाची जात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक यांसारखे स्पर्धेचे खेळ कार्डावर बेताचाच भार टाकतात. उलट २०२० सालीं निघालेला 'सायबरपंक २०७७' किंवा तशा थाटाचे, प्रकाशाचे किरण व सावल्या प्रत्यक्ष गणितानें काढणारे खेळ, बलवान् कार्डासहि घाम फोडतात. म्हणून 'खेळांसाठीं कार्ड पाहिजे' एवढें म्हणून भागत नाहीं. मुलास त्याच्या चार आवडत्या खेळांचीं नांवें कागदावर लिहून द्यावयास सांगावें. आमच्या पुतण्यानें लिहिलेल्या चारांपैकीं तीन खेळ फुटबॉलचे व स्पर्धेचे निघाले, आणि त्यांपैकीं दोन जुन्या कार्डावरहि बरे चालत होते!

व्हिडिओचें काम निराळें

खेळाचें आणि एडिटिंगचें काम एकच, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाहीं. कॅमेऱ्यानें घेतलेला व्हिडिओ दाबून, घडी घालून ठेवलेला असतो. एडिटिंग करतांना ती घडी क्षणोक्षणीं उलगडावी लागते, आणि शेवटीं पुन्हां घालावी लागते. याकरितां कार्डांत वाढप्यांच्या फौजेखेरीज एक स्वतंत्र भाग असतो. कोणत्या प्रकारची घडी तो उलगडूं शकतो, हें पाहणें एडिटिंग करणारास सर्वांत महत्त्वाचें.

सूनबाईकडे येणारा पुष्कळसा व्हिडिओ १० बिट ४:२:२ या पद्धतीचा असतो. रंग अधिक बारकाईनें राखले जातात म्हणून लग्नाचे छायाचित्रकार अलीकडे ही पद्धति पसंत करतात. आमच्या घरचें जीटीएक्स १६५० हें २०१९ सालीं निघालेलें कार्ड असली घडी उलगडूं शकत नाहीं. अर्थात् सर्व भार प्रोसेसरवर पडे, आणि म्हणून ते चार तास. एनव्हिडियाच्या २०२५ मध्यें आलेल्या ५० मालिकेच्या कार्डांत मात्र ४:२:२ ची सोय केलेली आहे.

चौकशींत येथें एक मौज आढळली. आमच्या कॉम्प्युटरमध्यें इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-५ १२४०० हा प्रोसेसर आहे. त्याच्या पोटांतच एक लहान ग्राफिक्सचा भाग असतो, आणि तो ४:२:२ ची एचईव्हीसी घडी उलगडण्यास समर्थ आहे. परंतु निराळें कार्ड बसविलें, कीं पुष्कळ मदरबोर्ड हा अंगचा भाग आपण होऊन बंद करतात. आमच्याकडेहि तेंच झालें होतें. बायॉसच्या पानावर जाऊन तो चालू केला, एडिटिंगच्या प्रीमिअर प्रो या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्यें त्यास काम नेमून दिलें, आणि त्याच रात्रीं चार तासांचें काम अडीच तासांवर आलें. खर्च शून्य! इतके दिवस घरांत असलेला एक कामाचा गडी केवळ कोणी हांक न मारल्यामुळें बसून होता. वाचकांनीं आपल्या प्रोसेसरचें नांव एकदां नीट वाचावें. नांवाच्या शेवटीं एफ हें अक्षर असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर हा अंगचा भाग त्यांत नाहीं असें समजावें.

मूळ जड व्हिडिओऐवजीं त्याच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करावें, आणि शेवटीं मूळ व्हिडिओ वापरावा, हीहि एक युक्ति आहे. तिला प्रॉक्सी म्हणतात. दुबळें यंत्र असलेल्या घरीं पैसा खर्चण्यापूर्वीं ही युक्ति अवश्य करून पाहावी.

नांव एक, माल दोन

आतां मेमरीकडे, म्हणजे त्या ओट्याकडे वळूं. फुल एचडीवरील खेळांस आठ जीबीची मेमरी अद्यापि बहुतेक ठिकाणीं पुरते; परंतु नवे थाटाचे खेळ तीहि भरून टाकूं लागले आहेत. फोरके व्हिडिओवर रंगांचे व आवाज-गोंगाट काढण्याचे संस्कार एकावर एक चढविले, कीं आठ जीबी अपुरी पडते, आणि काम मधेंच बंद पडण्याचें तें एक सामान्य कारण आहे. म्हणून एडिटिंग हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनीं बारा किंवा सोळा जीबी पाहावी.

येथें खरेदी करणारास एक सापळा आहे. एकाच नांवाचीं कार्डें दोन मेमरींत निघतात. आरटीएक्स ५०६० टीआय आठ जीबींतहि मिळतें आणि सोळांतहि. एएमडीचें आरएक्स ९०६० एक्सटी देखील असेंच. जुन्या जीटीएक्स १०६० च्या वेळीं तर तीन व सहा जीबींच्या कार्डांत गणित्यांची संख्याहि निराळी होती, एकांत १,१५२ आणि दुसऱ्यांत १,२८०. वरचें नांव मात्र तेंच! दुकानदारानें कमी किंमत सांगितली म्हणजे आनंदून जाऊं नये; खोक्यावरील मेमरीचा आंकडा आपल्या डोळ्यांनीं वाचावा. नांवांतील आंकडा मोठा म्हणजे कार्ड मोठें, असेंहि समजूं नये. पहिले दोन आंकडे पिढी सांगतात, पुढचे दोन त्या पिढींतील पायरी सांगतात. ५०६० हें ४०८० पेक्षां नवें आहे, परंतु बळानें बरेंच खालचें आहे.

वीज, जागा आणि वारा

कार्ड घरीं आलें आणि बसेना, अशी फजिती अनेकांची होते. कार्ड ज्या खांचेंत बसतें तींतून त्यास ७५ वॉट वीज मिळते. त्याहून अधिक हवी असल्यास एसएमपीएसमधून निराळी वायर द्यावी लागते. आठ पिनांची एक वायर १५० वॉट पुरविते. आमचें जुनें १६५० खांचेवरच भागवीत होतें. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॉट, ५०६० टीआयला १८०, एएमडीच्या ९०६० एक्सटीच्या सोळा जीबीच्या कार्डास १६०, आणि इंटेलच्या आर्क बी५८० ला १९० वॉट लागतात. ५०६० टीआयसाठीं कंपनी ६०० वॉटचा एसएमपीएस सुचविते. आमचा होता ४५० वॉटचा, आणि तोहि कॅबिनेटबरोबर आलेला बिननांवाचा. असला एसएमपीएस एकाएकीं बिघडला, तर स्वतः जातो आणि शेजाऱ्यासहि घेऊन जातो. म्हणून कार्डाच्या किंमतींतच चांगल्या एसएमपीएसची किंमत धरावी, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

यूपीएसहि पाहावा. ६०० व्हीएच्या लहान यूपीएसवर बहुधा ३६० वॉटच लिहिलेले असतात. बळकट कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही जोरांत असतां तो दम टाकतो. विजेच्या बिलाची भीति मात्र फार बाळगूं नये. १८० वॉटचें कार्ड रोज चार तास पूर्ण भारावर चाललें, तरी एकट्या कार्डाचीं महिन्याकाठीं सुमारें २२ युनिटें होतात.

कॅबिनेटमधील जागा फूटपट्टीनें मोजावी. तीन पंख्यांचीं कांहीं कार्डें एक फुटापर्यंत लांब असतात. कॅबिनेट भिंतीस चिकटवून किंवा कपाटांत कोंडून ठेवूं नये. दर दोनतीन महिन्यांनीं धूळ झाडावी. आणि पंचगंगेच्या आसपास राहणाऱ्यांस २०१९ व २०२१ चे पूर आठवत असतीलच. कॅबिनेट जमिनीवर न ठेवतां टेबलावर ठेवणें बरें.

जुन्या मालाचा मोह

स्वस्ताईच्या मोहानें आम्हींहि एकदां ठेंच खाल्ली आहे, ती सांगण्यास लाजण्याचें कारण नाहीं. हें १६५० घेण्यापूर्वीं आम्हीं परगांवच्या एका विक्रेत्याकडून जीटीएक्स १०५० टीआय म्हणून एक वापरलेलें कार्ड निम्म्या किंमतीस आणलें. खोकें सुरेख, वरचें लेबल सुरेख. पण खेळ सुरू होतांच कॉम्प्युटर बंद पडे. एका जाणत्या तरुणानें जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा लहानसा प्रोग्रॅम चालविला, आणि कार्डाच्या नांवापुढें 'फेक' अशीं अक्षरें उमटलीं! आंतील चिप २०१० सालच्या जीटीएस ४५० ची होती. तिच्या बायॉसमध्यें खोटें नांव भरून ती विकली गेली होती. पावती नव्हती, त्यामुळें दादहि लागली नाहीं.

वापरलेला माल सर्वच वाईट असतो असें आमचें म्हणणें नाहीं. २०२१ मध्यें आभासी नाणीं खणणारांनीं कार्डें उचलल्यामुळें बाजारांत टंचाई होती. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या नाण्याची पद्धति बदलली, कार्डांनीं तें खणणें बंद झालें, आणि रात्रंदिवस राबलेलीं तीं कार्डें जुन्या बाजारांत आलीं. अशा कार्डाचे पंखे झिजलेले असूं शकतात. जुनें घ्यावयाचेंच असेल तर समोर बसून जीपीयू-झेड चालवावें, अर्धा तास जड खेळ चालवून उष्णता पाहावी, आणि मूळ पावती व उरलेली वॉरंटी मागून घ्यावी. यांपैकीं एकाहि गोष्टीस विक्रेता कुरकुरला, तर उठून यावें.

घरानें काय ठरविलें?

आठ दिवसांनीं आम्हीं नानांपुढें कागद ठेवला. पहिला मार्ग पुतण्याचा: आठ जीबीचें ५०६० आणि वेगवान मॉनिटर. दुसरा मार्ग: मॉनिटर आहे तोच ठेवून सोळा जीबीचें ५०६० टीआय आणि ६५० वॉटचा चांगला एसएमपीएस. दोन्ही मार्ग साठ हजारांच्या आंत बसत होते. पहिल्या मार्गानें एकाचा खेळ फार सुंदर झाला असता. दुसऱ्या मार्गानें खेळ पुरेसा चांगला होत होता, आणि ज्या कामावर घरांत चार पैसे येतात त्या कामाची अडचण दूर होत होती.

पुतण्या हिरमुसला. "काका, पण मॉनिटरशिवाय मजा नाहीं," असें तो दोनदां म्हणाला. तेव्हां सूनबाईच म्हणाली, "लग्नसराई होऊं दे. तुझा मॉनिटर माझ्या कामाच्या पैशांतून घेऊं." नानांनीं त्यास आणखी एक कलम जोडलें. यंत्र नवें आलें म्हणून वहिवाट जुनीच राहूं नये. दुपारीं दोन ते पांच कॉम्प्युटर सूनबाईचा; त्या वेळांत तिला कोणी चहासाठींहि हांक मारावयाची नाहीं. सायंकाळीं शाहू स्टेडियमवर सामना असेल त्या दिवशीं पुतण्यानें पडद्यावरचा फुटबॉल सोडून मैदानावरचा पाहावा. रात्रीं अकरानंतर त्या खोलींतला दिवा बंद.

कार्ड पक्क्या पावतीनें आणलें. वॉरंटी किती वर्षांची, आणि बिघडल्यास तें कोठें द्यावयाचें, हें दुकानांतच विचारून पावतीवर लिहून घेतलें. बसविल्यावर पुतण्यानें मॉनिटरची वायर संवयीनें मदरबोर्डाच्याच खांचेंत खुपसली आणि 'कार्ड चालतच नाहीं' म्हणून घर डोक्यावर घेतलें. वायर कार्डाच्या खांचेंत घालतांच सर्व सुरळीत झालें. ही चूक इतकी सर्वसाधारण आहे, कीं वाचकांस मुद्दाम सांगून ठेवतों.

या गोष्टीस आतां दोन महिने झाले. पूर्वीं चार तास घेणारा लग्नाचा व्हिडिओ हल्लीं पाऊण तासांत बाहेर पडतो, आणि मधेंच बंद पडण्याचा प्रकार अद्यापि झालेला नाहीं. पुतण्याचा चौथा खेळहि छान चालतो. मॉनिटरची आठवण तो अधूनमधून करून देतो, आणि तें वचन आम्ही विसरलेलों नाहीं. परवां रात्रीं साडेदहाच्या सुमारास नाना पाणी पिण्यास उठले, तेव्हां त्या खोलींत अंधार होता. सकाळीं चहाच्या वेळीं त्यांनीं एवढेंच सांगितलें, आणि सूनबाई हंसली.

ज्या घरीं असा अर्ज आज ना उद्यां येणार आहे, त्यांस आमचें सांगणें इतकेंच. कार्डाचें नांव शेवटीं विचारावें. आधीं हें यंत्र घरांत कोण कोण वापरतें, कोणत्या वेळीं आणि कशासाठीं, हें सर्वांस समोर बसवून विचारावें. आणि जो मागत नाहीं त्यास अवश्य विचारावें. मग मॉनिटर, प्रोसेसर, एसएमपीएस आणि कॅबिनेट यांची जोड जमवावी. इतकें केल्यावर दुकानांत जावें, म्हणजे दुकानदार सांगेल तें ऐकण्याऐवजीं आपणांस हवें तें त्यास सांगतां येईल.